टोपीविना आरंभ: पोलिओच्या आरएनएवरील प्रथिननिर्मितीचे एक प्रकरण

पोलिओच्या विषाणूजवळ स्वतःचे रायबोसोम, म्हणजे प्रथिने बांधणारी यंत्रे, नसतात. सुमारे ७,४४० न्यूक्लिओटाइडांची, म्हणजे रासायनिक अक्षरांची, आरएनएची एक साखळी आणि तिच्याभोवती प्रथिनांचे कवच, एवढाच त्याचा संसार. पेशीत शिरल्यावर ही साखळी पेशीच्याच रायबोसोमांकडून वाचून घ्यावी लागते. त्या वाचनातून सुमारे २,२०० अमिनो आम्लांचे एकच लांबलचक प्रथिन तयार होते आणि नंतर त्याचे तुकडे पडून विषाणूला लागणारी सगळी प्रथिने मिळतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना पोलिओची लागण केली, तर तीनएक तासांत त्या पेशींची स्वतःची प्रथिननिर्मिती जवळजवळ बंद पडते, विषाणूची मात्र जोमाने चालू राहते. दोन्ही कामांना रायबोसोम तेच, अमिनो आम्ले तीच आणि ऊर्जाही तीच लागत असताना एक काम थांबते आणि दुसरे चालू राहते, याचा उलगडा पूर्णपणे व्हायला १९८८ साल उजाडावे लागले.

तो उलगडा करणाऱ्यांत कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक नाहूम सोनेनबर्ग आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी जेरी पेलेटिए यांचा वाटा मोठा आहे. या प्रकरणातील मुख्य प्रयोग कागदावर मांडायला अतिशय सोपा आहे. तो विश्वासार्ह का ठरला आणि त्याच धर्तीच्या पुढच्या कित्येक प्रयोगांवर तेवढा विश्वास का ठेवता आला नाही, हे मात्र त्याच्या आगेमागे झालेले काम पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून येथे निष्कर्षापेक्षा पुराव्याच्या बांधणीकडे अधिक लक्ष दिले आहे.

टोपी आणि तिला धरणारे प्रथिन

प्राण्यांच्या पेशीत जनुकाचा मजकूर रायबोसोमापर्यंत नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएच्या पहिल्या टोकाला एक खास रासायनिक रचना असते. मिथाइल गट जोडलेले एक ग्वानोसिन तेथे उलट्या दिशेने बसवलेले असते, आणि या रचनेला टोपी म्हणतात. तिचा शोध १९७५ च्या सुमारास लागला आणि तोही विषाणूंच्या अभ्यासातूनच. जपानमध्ये रेशीमकिड्याच्या एका विषाणूवर काम करणारे यासुहिरो फुरुइची अमेरिकेत न्यू जर्सीतील नटली येथे रोश संस्थेत आरन शॅटकिन यांच्याकडे आले, आणि रिओव्हायरस नावाच्या विषाणूच्या आरएनएवरही त्यांना हीच टोपी सापडली. त्याच प्रयोगशाळेत एस. मुथुकृष्णन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवून दिले, की मिथाइल गट असलेली ही टोपी नसेल तर त्या आरएनएचे वाचन फारच मंदावते. म्हणजे टोपी हे रायबोसोमांना बोलावणारे चिन्ह होते. पण ते चिन्ह ओळखतो कोण?

सोनेनबर्ग १९७६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून डॉक्टरेट घेऊन शॅटकिन यांच्याकडे दाखल झाले आणि त्यांनी हाच प्रश्न हाती घेतला. त्यांची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. रिओव्हायरसच्या आरएनएवरील टोपीचा फक्त मिथाइल गट किरणोत्सर्गी हायड्रोजनने चिन्हांकित करायचा. मग परआयोडेटने टोपीतील शर्करेचे वलय उघडायचे, म्हणजे जवळ येऊन बसलेल्या प्रथिनाशी तिचा रासायनिक बंध जुळू शकतो. तो बंध पक्का करायचा आणि उरलेला सगळा आरएनए विकराने (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाने) कापून टाकायचा. शिल्लक राहते ते एवढेच: ज्या प्रथिनाने टोपी धरली होती त्यालाच चिकटलेला किरणोत्सर्गी कण. प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर हे मिश्रण चालवल्यावर सुमारे २४,००० डाल्टन (रेणूंच्या वजनाचे एकक) वजनाच्या जागी एक ठळक पट्टी दिसली. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधातील प्रथिन आज ईआयएफ४ई या नावाने ओळखले जाते. पुढच्याच वर्षी ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्याच वर्षी सोनेनबर्ग मॅकगिलला रुजू झाले.

दरम्यान १९७८ मध्येच मॅरिलिन कोझॅक यांनी रायबोसोमाच्या वाटचालीचे एक चित्र मांडले होते. त्यांच्या मते रायबोसोमाचा लहान घटक आरएनएच्या टोपीकडील टोकाशी बसतो, तेथून साखळीवर सरकत जातो आणि सोयीच्या संदर्भातील पहिला एयूजी हा आरंभ-संकेत भेटला की तेथून प्रथिन बांधायला सुरुवात होते. गोल वळवून दोन्ही टोके जोडलेल्या आरएनएवर प्राणिपेशीचे रायबोसोम बसू शकत नाहीत, हे त्यांनी १९७९ मध्ये दाखवले. टोक नाही तर प्रवेशही नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. जीवाणूंचे रायबोसोम साखळीच्या मध्यावरही बसू शकतात, आपले नाहीत, हा फरक पाठ्यपुस्तकांत स्थिरावला.

नियमात न बसणारा आरएनए

पोलिओचा आरएनए या चित्रात कोठेच बसत नव्हता. १९७६ साली अमेरिकेत स्टोनी ब्रूक येथील विद्यापीठात एकार्ड विमर आणि एमआयटी या संस्थेत डेव्हिड बाल्टिमोर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की रायबोसोमांवर चढलेल्या पोलिओच्या आरएनएला टोपीच नसते; त्याचे पहिले टोक साधे, एक फॉस्फेट असलेले असते. १९८१ मध्ये जनुकीय अनुक्रम पूर्ण वाचला गेला तेव्हा अडचण आणखी वाढली. प्रथिनाचा खरा आरंभ-संकेत साखळीच्या सुरुवातीपासून सुमारे ७४० न्यूक्लिओटाइडे आत होता. पेशीच्या बहुतेक संदेशवाहकांत हे अंतर शंभराच्या आसपास असते. शिवाय वाटेत आणखी कित्येक एयूजी होते, आणि आरएनए स्वतःवरच दुमडून घट्ट जोड्या करून बसलेला होता. टोकापासून सरकत येणारा रायबोसोम एवढ्या अडथळ्यांतून, इतके फसवे संकेत ओलांडून बरोबर जागी पोहोचतो, हे मानायला फार मोठी भाबडी श्रद्धा लागली असती.

निम्मे उत्तर १९८२ मध्ये मिळाले. डायान एचिसन, जॉन हर्शी आणि सोनेनबर्ग यांच्या गटांनी मिळून दाखवले, की पोलिओची लागण झालेल्या पेशींत २,२०,००० डाल्टनचे एक मोठे प्रथिन तुटते आणि पेशीची प्रथिननिर्मिती थांबण्याच्या काळाशी हे तुटणे जुळते. आज ईआयएफ४जी म्हणून परिचित असलेले हे प्रथिन टोपी धरणाऱ्या ईआयएफ४ईला रायबोसोमाशी जोडून देते. ते तुटले, की टोपी ओळखली जाते पण रायबोसोमापर्यंत निरोप पोहोचत नाही. ते तोडण्यामागे विषाणूचे २ए हे विकर असते, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. पेशीचे काम का थांबते ते अशा रीतीने कळले, पण विषाणूचे काम का चालते ते यातून कळत नव्हते. टोपीची वाट बंद केल्याने टोपी नसलेल्या आरएनएला स्पर्धा उरत नाही, हे खरे. तरी त्याच्यावर रायबोसोम चढतो कसा, हा प्रश्न जागच्या जागी राहिला. (सगळेच विषाणू ही तोडफोड करत नाहीत. उंदरांतील ईएमसीव्ही हा पोलिओचाच नातलग ईआयएफ४जीला हात लावत नाही. तो ईआयएफ४ईला अडकवून ठेवणारे पेशीचेच एक प्रथिन सक्रिय करतो, असे सोनेनबर्ग यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले.)

१९८८ चा प्रयोग

पेलेटिए आणि सोनेनबर्ग यांच्याजवळ या प्रश्नाला भिडण्यासाठी एक आयती तयारी होती. १९८५ साली त्यांनीच एका साध्या, टोपी असलेल्या संदेशवाहकाच्या पहिल्या भागात मुद्दाम घट्ट दुमड बसवून पाहिली होती, आणि प्रथिननिर्मिती स्पष्टपणे घटली होती. टोकापासून सरकणाऱ्या रायबोसोमाला अशी दुमड अडवते, हे त्यांना स्वतःच्या हातच्या प्रयोगातून माहीत होते. पोलिओच्या आरएनएत तशा दुमडी नैसर्गिकरीत्याच भरलेल्या असताना रायबोसोम अडत नाही, यावरून तो त्या वाटेने येतच नसावा, असा तर्क करणे त्यांना इतरांपेक्षा सोपे गेले असावे, असे मला वाटते.

त्यांनी एक कृत्रिम आरएनए बनवला. त्यात दोन जनुकांचे मजकूर एकामागून एक होते: पहिला नागीण वर्गातील हर्पिस विषाणूच्या थायमिडिन कायनेज या विकराचा, दुसरा जीवाणूंतील कॅट या विकराचा. पहिल्या मजकुराच्या शेवटी विराम-संकेत असतो. तेथे पोहोचलेला रायबोसोम सहसा साखळी सोडून देतो, त्यामुळे प्राणिपेशीत अशा जोड आरएनएवरून दुसरे प्रथिन फारच थोडे तयार होते. आता या दोन मजकुरांच्या मधोमध पोलिओच्या आरएनएचा सुरुवातीचा, प्रथिनाचा संकेत नसलेला भाग बसवला. त्या भागावर रायबोसोम थेट उतरू शकत असेल, तर दुसरे प्रथिन पहिल्यावर अवलंबून न राहता तयार व्हायला हवे.

तसेच घडले. मधला भाग नसलेल्या जोड आरएनएवरून कॅट नगण्य मिळाले, मधला भाग असलेल्यावरून भरपूर. परंतु एवढ्यावर थांबले असते तर शंका घेणाऱ्याला तीन वाटा मोकळ्या होत्या. एक, पहिला मजकूर वाचून झाल्यावर काही रायबोसोम साखळी न सोडता पुढे सरकतात आणि पोलिओचा भाग त्यांना पुन्हा कामाला लावतो. दोन, आरएनए मध्येच तुटतो आणि मागचा तुकडा स्वतंत्रपणे वाचला जातो. तीन, पेशीत सोडलेल्या डीएनएमधील पोलिओचा भागच प्रवर्तकासारखा, म्हणजे आरएनए बनवायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनए-तुकड्यासारखा, वागतो आणि त्याच्यावरून फक्त दुसऱ्या मजकुराचा छोटा आरएनए वेगळा तयार होतो.

या तिन्ही वाटा कशा बंद केल्या, हा या प्रकरणाचा गाभा आहे. पहिलीवरचा उपाय विषाणूनेच पुरवला. जोड आरएनए असलेल्या पेशींना पोलिओची लागण केली तेव्हा टोपीवर अवलंबून असलेले पहिले प्रथिन घटले, दुसरे मात्र तयार होतच राहिले. पहिला मजकूर वाचणारे रायबोसोमच कमी झाले असताना दुसरा मजकूर त्यांच्या उरलेल्या वाटचालीवर चालतो, असे म्हणता येत नाही. तुटक्या तुकड्यांची शंका पेशींतील आरएनएची लांबी तपासून दूर करता येते: अखंड जोड आरएनएच आढळत असेल, तर दुसऱ्या प्रथिनाचा उगम त्याच्यातूनच मानावा लागतो. तिसऱ्या शंकेला पेशीबाहेरचा पुरावा उत्तर देतो. परीक्षानळीत आधीच बनवून घेतलेला आरएनए हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या अर्कात घातला तरी तोच परिणाम दिसला. तेथे डीएनए नाही, त्यामुळे प्रवर्तकाचा प्रश्नच उरत नाही. याखेरीज पोलिओच्या भागाचे निरनिराळे तुकडे कापून पाहिल्यावर आवश्यक प्रदेश साधारण ३२० ते ६३१ या क्रमांकांच्या दरम्यान असल्याचे त्यांच्याच जोडीच्या दुसऱ्या निबंधात स्पष्ट झाले. कोणताही लांब तुकडा मध्ये घातला की हे घडते, असे नव्हते. विशिष्ट अनुक्रम लागत होता.

जुलै १९८८ मध्ये हा निबंध ‘नेचर’मध्ये आला. पुढच्याच महिन्यात विमर यांच्या गटाने, सुंग की जांग हे पहिले लेखक असलेल्या निबंधात, ईएमसीव्हीच्या आरएनएबद्दल तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेतील दिदिए त्रोनो आणि राऊल अँदिनो यांनीही त्याच वर्षी पोलिओच्या या भागात छोटे बदल करून शेकडो न्यूक्लिओटाइडांचा प्रदेश प्रथिननिर्मितीला आवश्यक असल्याचे दाखवले. तीन प्रयोगशाळा, दोन विषाणू आणि वेगवेगळ्या पद्धती एका जागी येऊन मिळाल्या. रायबोसोम आत उतरण्याच्या या जागेला विमर यांच्या गटाने वापरलेले आयरेस हे नाव पुढे रूढ झाले.

हेला पेशींच्या अर्काचा उल्लेख वर आला, त्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण अर्काची निवड या विषयात निर्णायक ठरली आहे. प्रथिननिर्मितीच्या प्रयोगांत तेव्हा सर्वांत जास्त वापर सशाच्या रक्तातील कोवळ्या तांबड्या पेशींच्या अर्काचा होत असे, कारण तो अतिशय कार्यक्षम असतो. पोलिओचा आरएनए मात्र त्यात नीट वाचला जात नाही. आरंभ भलत्याच जागांवरून होतो आणि जेलवर अपेक्षित नसलेल्या पट्ट्यांची गर्दी दिसते. त्याच अर्कात हेला पेशींचा थोडा अर्क मिसळला, की चुकीच्या पट्ट्या फिक्या होतात आणि बरोबर प्रथिन उठून दिसते. याचा अर्थ असा, की आत उतरण्याची जागा एकटी पुरेशी नाही, तिला काही खास पेशी-प्रथिनांची मदत लागते आणि ती सगळ्या पेशींत सारखी नसतात. त्यांपैकी ला हे प्रथिन सोनेनबर्ग यांच्याच प्रयोगशाळेत ओळखले गेले. दुसरी एक गोष्ट त्याहून लक्षणीय आहे: २ए विकराने तोडलेल्या ईआयएफ४जीचा मागचा मोठा तुकडा वाया जात नाही. टोपीशी संबंध तुटलेला तो तुकडा पोलिओच्या आयरेसवर बसून रायबोसोमाला तेथे आणण्याचे काम करतो.

गोल आरएनए

तरीही टोकाची भूमिका पूर्णपणे वगळता येत नव्हती. जोड आरएनएला शेवटी एक मोकळे टोक असतेच. १९९५ मध्ये चेन आणि पीटर सार्नो यांनी ही पळवाटही काढून टाकली. त्यांनी दोन्ही टोके जोडून गोल केलेला आरएनए घेतला. साध्या गोल आरएनएवर प्रथिन तयार झाले नाही, जसे कोझॅक यांनी सोळा वर्षांपूर्वी सांगितले होते, पण त्यात ईएमसीव्हीचे आयरेस बसवताच तयार झाले. विराम-संकेत नसलेल्या गोल आरएनएवर तर रायबोसोम फेरी पूर्ण करून पुढे वाचतच राहिले आणि त्याच मजकुराची पुनरावृत्ती असलेली लांबच लांब प्रथिने मिळाली. कोझॅक यांचा १९७९ चा प्रयोग यामुळे खोटा ठरला नाही. त्याची व्याप्ती ठरली, इतकेच.

त्याच रचनेचा पुढचा प्रवास

विषाणूंमध्ये ही वाट सापडल्यावर पेशीच्या स्वतःच्या संदेशवाहकांतही ती असावी, असे मानणे स्वाभाविक होते, आणि १९९१ मध्ये मासेजाक व सार्नो यांनी बिप या प्रथिनाच्या आरएनएबद्दल तसा दावा केला. त्यानंतर दाव्यांची रीघ लागली. दोन मजकुरांची जोड रचना बनवणे एव्हाना सोपे झाले होते. मध्ये हवा तो तुकडा बसवायचा, डीएनए पेशीत सोडायचा, दोन विकरांची क्रिया मोजायची आणि दुसऱ्याचे पहिल्याशी गुणोत्तर काढायचे. मात्र १९८८ मध्ये जी तिसरी वाट मुद्दाम बंद केली होती ती या घाईत पुष्कळदा उघडीच राहिली. कोझॅक यांनी २००१ मध्ये याच मुद्द्यावर सविस्तर टीका केली. त्या काळी ती अनेकांना जुन्या मताचा हट्ट वाटली. माझ्या मते तिच्यातला मुख्य आक्षेप रास्त होता. २००२ साली हान आणि झांग यांनी दाखवलेले उदाहरण तर बोचरे आहे: ईआयएफ४जीच्या स्वतःच्या आरएनएत आयरेस असल्याचा जो दावा झाला होता, तेथील तो डीएनए-तुकडा प्रत्यक्षात जोरकस प्रवर्तक निघाला. दुसरे प्रथिन आत उतरलेल्या रायबोसोमांमुळे नव्हे, तर वेगळ्याच छोट्या आरएनएमुळे तयार होत होते. काही उदाहरणांत आरएनएची अनपेक्षित काटछाटही असाच आभास निर्माण करते. आज या क्षेत्रात डीएनएऐवजी तयार आरएनए पेशीत सोडून तपासणी करणे आणि आरएनए अखंड असल्याचा पुरावा देणे, या किमान अटी समजल्या जातात. पेशीच्या आरएनएतील आयरेसांचा वाद संपलेला नाही. विषाणूंच्या बाबतीत मात्र तो उरलेला नाही: यकृतदाहाच्या सी प्रकारच्या विषाणूचे आयरेस रायबोसोमाच्या लहान घटकाला थेट धरते, आणि रातकिड्यांच्या एका विषाणूतील आयरेस तर आरंभाला लागणाऱ्या एकाही सहायक प्रथिनाशिवाय काम करते.

सोनेनबर्ग यांना २०१४ चा वुल्फ पुरस्कार व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्यासह मिळाला तो प्रथिननिर्मितीच्या नियंत्रणावरील एकूण कामासाठी. आयरेस हा त्याचा एक भाग.

लसीतील एक अक्षर

आपल्याकडे पल्स पोलिओच्या रविवारी बाळांच्या तोंडात पडलेल्या थेंबांशी या सगळ्याचा थेट संबंध आहे. हे थेंब मुंबईत परळच्या हाफकिनमध्येही तयार होत. त्यांतील, तोंडी लस बनवणाऱ्या अल्बर्ट सेबिन यांचे, तिन्ही प्रकारांचे विषाणू जिवंत पण दुबळे केलेले असत, आणि तिन्हींच्या दुबळेपणाचा एक महत्त्वाचा भाग आयरेसच्या पाचव्या दुमडीत आहे: पहिल्या प्रकारात ४८०, दुसऱ्यात ४८१ आणि तिसऱ्यात ४७२ या क्रमांकाचे एकेक अक्षर बदललेले आहे. मॉस्कोत युरी स्विटकिन आणि वादिम अगोल यांनी १९८५ मध्ये अशा दुबळ्या विषाणूंचा आरएनए पेशीअर्कात कमी कार्यक्षमतेने वाचला जातो हे दाखवले होते, आणि १९८८ मध्ये तिसऱ्या प्रकारातील ही उणीव त्या ४७२ व्या अक्षराशी जोडली. आत उतरण्याची जागा सापडली त्याच वर्षी तिच्यातील एका अक्षराने प्रथिननिर्मितीत फरक पडतो हे कळले. स्विटकिन पुढे मॉन्ट्रियलला सोनेनबर्ग यांच्याकडेच गेले.

एकाच अक्षरावर भिस्त ठेवण्याची किंमतही आहे. लस घेतलेल्या मुलाच्या आतड्यात विषाणू वाढत असताना ते अक्षर काही दिवसांतच पूर्ववत होऊ शकते. लसीकरण अपुरे असलेल्या वस्तीत असा विषाणू फिरत राहिला, तर लसीतूनच उगम पावलेल्या पोलिओची साथ येते, आणि अशा साथींत दुसऱ्या प्रकाराचा वाटा सर्वांत मोठा राहिला आहे. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये जगभरातल्याप्रमाणे येथेही तोंडी लसीतून दुसरा प्रकार वगळण्यात आला. तरीही इतरत्र साथी येतच राहिल्या, म्हणून दुसऱ्या प्रकाराची नवी तोंडी लस बनवण्यात आली, आणि तिला नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता दिली. तिच्यात पाचव्या दुमडीतील जोड्या अशा तऱ्हेने नव्याने रचल्या आहेत, की एखादे अक्षर बदलून जुनी ताकद परत मिळू नये. ती रचणाऱ्यांत त्रोनो यांचे १९८८ चे सहलेखक राऊल अँदिनो होते. या लसीचे विषाणू जुन्यांपेक्षा बरेच स्थिर आहेत, पण मार्च २०२३ मध्ये बुरुंडी आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक येथे तिच्यापासून उगम पावलेले साथीचे विषाणूही आढळल्याचे जाहीर झाले.